मुन्नारच्या उतारावरून थंडी वाहते तेव्हा

दर हिवाळ्यात आपल्याकडे एक बातमी ठरलेली असते: महाबळेश्वरला वेण्णा तलाव परिसरात दवबिंदू गोठले, हिमकण जमा झाले. साधारण त्याच दिवसांत केरळच्या वर्तमानपत्रांत मुन्नारचा फोटो येतो. चेंडुवरै किंवा सेवनमलै इस्टेटच्या बाजूची एखादी सपाटी, आणि तिच्यावरचं गवत पांढरंशुभ्र. विषुववृत्तापासून जेमतेम १० अंशांवर पारा शून्याखाली गेलेला असतो.

दोन्ही बातम्यांत एक तपशील सारखाच असतो, पण तो सहसा कुणी उलगडून सांगत नाही. दव गोठतं ते डोंगरमाथ्यावर नव्हे. वेण्णा तलाव महाबळेश्वरच्या बाजारपेठेपेक्षा खाली, खोलगटात आहे. मुन्नारचं पांढरं गवतही दरीच्या तळाशी, ओढ्याकाठच्या सपाटीवर दिसतं. उंच जावं तसं थंड होत जातं, हे आपण शाळेत शिकलो. मग इथे थंडी खाली कशी काय?

या प्रश्नाचा माग काढत गेलं तर मुन्नारचा डोंगर वाचता येऊ लागतो. चहा कुठे करपतो, जंगल कुठे थांबतं, गवत कुठे सुरू होतं, या सगळ्याचे धागे तिथवर पोचतात.

मुन्नार इडुक्की जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १५०० मीटर उंचीवर आहे. मुथिरापुळा, नल्लतन्नी आणि कुंडला या तीन नद्या इथे एकत्र येतात. कोचीहून घाट चढताना हवा विरळ होत जाते. वर चढणारी हवा फुगते आणि फुगताना गार होते, त्यामुळे दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. कोचीत ३२ अंश असतील तर मुन्नारात २२ असणार. त्या उंचीवर पाणीसुद्धा ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून डाळ शिजायला वेळ लागतो.

पण हे झालं दिवसाचं गणित. जानेवारीच्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री डोंगरावर दुसरंच काही घडतं. जमीन आणि पानं दिवसभर साठवलेली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशात सोडत राहतात. ढग असते तर त्यातली बरीच उष्णता परत खाली आली असती. ढग नसले की ती निघून जाते. जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते. गार हवा जड असल्यामुळे ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि दरीच्या तळाशी साचते. पहाटे तळाशी शून्य अंश, तर थोडं वर उतारावर त्याहून कितीतरी उबदार, असं उलटं चित्र तयार होतं. स्वेटर घालून पहाटे फिरायला निघालात तर हा फरक अंगाला कळतो. रस्ता ओढ्याकडे उतरला की गालांना चटका बसतो आणि चढ लागला की तो ओसरतो.

चहाच्या मळ्यात हा फरक डोळ्यांनाही दिसतो. दव गोठलं की कोवळ्या पानांच्या पेशींना इजा होते, आणि त्यावर सकाळचं कडक ऊन पडलं की पानं तांबडीकाळी पडतात. अशा वेळी समोरचा मळा नीट न्याहाळावा. तळाचे वाफे भाजल्यासारखे दिसतात आणि वरचे तसेच हिरवे असतात. दोन्हींच्या मधली सीमा बऱ्याचदा इतकी स्पष्ट असते की रात्री गार हवा कुठवर साचली होती ते तिच्यावरून सांगता यावं. झुडूप सहसा मरत नाही, पण नवी फूट यायला काही आठवडे जातात आणि तेवढा माल हातचा जातो.

आता मळ्यांवरून नजर वर न्या. मळे जिथे संपतात तिथून वर, राजमलै आणि आनमुडीकडे, डोंगराचं रूप बदलतं. आनमुडी २६९५ मीटर उंच आहे आणि हिमालयाच्या दक्षिणेकडे भारतात त्याच्याहून उंच शिखर नाही. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लगेच खटकते. आपल्यासारखे पायऱ्यापायऱ्यांचे कडे इथे नाहीत. आपला डोंगर लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुन्नारचा खडक त्याच्यापेक्षा कितीतरी पटींनी जुना, खोल भूगर्भात दाबाखाली घडलेला आणि नंतर उघडा पडलेला. म्हणून इथली शिखरं गोलाकार, गुळगुळीत कातळांची आहेत.

या कातळांच्या खालच्या उतारांवर गवत असतं, आणि गवताच्या मधूनमधून, डोंगराच्या घड्यांत, गडद हिरवी जंगलं. या जंगलांना शोला म्हणतात. झाडं बुटकी, फांद्या वाकड्यातिकड्या, खोडांवर शेवाळ आणि ऑर्किड. गवत आणि शोला यांच्यामधली रेघ विलक्षण ठळक असते. दाट जंगलातून एक पाऊल बाहेर टाकलं की थेट उघडं गवत, मध्ये झुडपांचा पट्टासुद्धा नाही. इतका पाऊस पडणाऱ्या डोंगरावर सगळीकडे जंगल का माजलं नाही, हा प्रश्न वनस्पतिशास्त्रज्ञांना फार जुन्या काळापासून पडलेला आहे.

एक उत्तर असं दिलं जायचं की पूर्वी सगळीकडे जंगल होतं, माणसांनी ते जाळलं आणि गवत उरलं. ते उत्तर टिकलं नाही. निलगिरी पर्वतातल्या दलदलींत हजारो वर्षांचा वनस्पतींचा गाळ थरांनी साचलेला आहे. झाडं आणि उष्ण कटिबंधातली गवतं हवेतला कार्बन वेगवेगळ्या रासायनिक मार्गांनी पकडतात. त्यामुळे त्यांच्या अवशेषांत कार्बन-१३ या जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं. आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी हे प्रमाण थराथराने मोजून १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातून दिसलं की शेवटच्या हिमयुगातल्या कोरड्या काळात, म्हणजे सुमारे २० हजार वर्षांपूर्वीही, या डोंगरांवर गवताचंच राज्य होतं. पुढे हवामान दमट झालं तेव्हा झाडं पसरली, कोरडं झालं तेव्हा गवत पसरलं. इथे शेती करणारा माणूस येण्याच्या कितीतरी आधी हे गवत होतं.

मग ही रेघ कशाने टिकली? त्यातला मोठा वाटा पुन्हा त्या जानेवारीच्या रात्रीचा आहे. उघड्या गवतावरून उष्णता सरळ आकाशात जाते आणि दव गोठतं. शोलाच्या झाडाचं बी तिथे रुजलं तरी कोवळं रोप एखाद्या रात्रीत मरतं. गवताची पाती करपतात खरी, पण त्याचा जीव जमिनीलगत आणि जमिनीखाली असल्यामुळे ते पुन्हा फुटतं. याउलट शोलाच्या आत पानांचं छत जमिनीची उष्णता अडवून धरतं. तिथली रोपं वाचतात. म्हणजे जिथे जंगल आहे तिथे ते स्वतःच्याच सावलीत टिकून राहतं, आणि जिथे गवत आहे तिथे झाडाला पाय रोवता येत नाही. वणवे, वारा, मातीची खोली यांचाही हात आहेच. डोंगराच्या घडीत माती खोल असते, ओल टिकते, वारा लागत नाही, म्हणून झाडांना सुरुवात तिथे करता आली. पण घडीबाहेर पडताना त्यांना थंडीने अडवलं.

मला या गोष्टीचं महत्त्व फार वाटतं, कारण ती न कळल्याने मोठं नुकसान झालेलं आहे. इंग्रजांच्या कागदपत्रांत असलं गवत म्हणजे पडीक जमीन. स्वातंत्र्यानंतरही ती नजर बदलली नाही. पडीक आहे तर झाडं लावा, या हिशेबाने ऑस्ट्रेलियातून आणलेली वॉटल आणि निलगिरीची झाडं हजारो एकर गवतावर लावली गेली. चहाच्या कारखान्यांना भट्टीसाठी सरपण लागायचं, त्यासाठीही निलगिरी लावली. या परदेशी झाडांची रोपं उघड्यावरची थंडी शोलाच्या झाडांपेक्षा चांगली सोसतात, म्हणून वॉटल लावलेल्या जागेवर न थांबता पसरत गेली. पाण्यावर झालेला परिणाम मोजलेला आहे. ऊटीजवळ ग्लेनमॉर्गनला गवताच्या पाणलोटात निलगिरी लावून पाहिली, तेव्हा पहिल्या १० वर्षांत तिथून वाहणारं पाणी सुमारे १६ टक्क्यांनी घटलं. खालच्या नद्या आणि धरणं याच डोंगरांवरून भरतात. गवत पाणी पितं ते कमी, आणि कोरड्या महिन्यांतही त्याच्या खालच्या काळ्या मातीतून ओढे झिरपत राहतात.

चहा इथे आला तो या सगळ्याच्या खालच्या पट्ट्यात. १८७७ मध्ये जॉन डॅनियल मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने पूंजार राजघराण्याकडून कण्णन देवन डोंगर भाडेपट्ट्याने घेतले. सुरुवातीला सिंकोना, कॉफी असं बरंच काही लावून पाहिलं. १८८० च्या सुमारास ए. एच. शार्प याने पार्वती इस्टेटमध्ये पहिल्यांदा चहा लावला, आणि पुढच्या काही दशकांत बाकी सगळी पिकं मागे पडली.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक शंका येणं साहजिक आहे. महाबळेश्वरला मुन्नारइतकाच, किंबहुना जास्तच पाऊस, उंचीही १३५० मीटरच्या पुढे. मग तिथे चहाचे मळे का नाहीत? पाऊस किती पडतो यापेक्षा तो वर्षभर कसा वाटला जातो, यावर चहाचं गणित ठरतं. महाबळेश्वरचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि मग पुढचे सात-आठ महिने जमीन तहानलेली. मुन्नारला नैऋत्य मोसमी पाऊस तर मिळतोच, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येकडून परतीचा पाऊस येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत वळीव. झुडपाला लांबलचक कोरडा काळ सोसावा लागत नाही. दुसरा मुद्दा दिवसाच्या लांबीचा. आसामात डिसेंबरात दिवस साडेदहा तासांवर येतो आणि चहाची वाढ थांबते. तिथली आणि दार्जिलिंगची झुडपं हिवाळाभर झोपतात, म्हणून तर वसंतातल्या पहिल्या खुड्याला एवढा भाव. मुन्नारचा वर्षातला सर्वांत लहान दिवसही साडेअकरा तासांचा असतो. झुडूप पुरतं झोपतच नाही, खुडणी बारा महिने चालते.

मळ्यात उतरून एक झुडूप जवळून पाहा. कमरेइतकी उंची, वरचा भाग सपाट. पानं बाजूला सारून आत डोकावलात की दिसतं ते चक्क झाडाचं खोड, मनगटाहून जाड, गाठाळ, लिचनने पांढरं झालेलं. चहा हे मुळात झाड आहे. मोकळं सोडलं तर ते दहा मीटरच्याही वर जाईल. मुन्नारमधली कित्येक झुडपं १०० वर्षांपलीकडची आहेत आणि इतकी वर्षं त्यांना कमरेवर जाऊ दिलेलं नाही. शेंड्याच्या कळीतून ऑक्सिन नावाचं संप्रेरक खाली उतरतं आणि बगलेतल्या कळ्यांना दबवून ठेवतं. शेंडा खुडला की तो दाब सुटतो, दोन-चार बाजूच्या कळ्या फुटतात. त्यांचेही शेंडे खुडले की आणखी फुटतात. दर दहा-पंधरा दिवसांनी हेच होत राहिलं की कोवळ्या शेंड्यांचा सपाट थर तयार होतो. चार-पाच वर्षांनी तो थर निबर होतो, तेव्हा झुडूप पार खाली छाटतात. असा नुकता छाटलेला मळा पाहिला की पर्यटकांना वाटतं काही रोग पडला. ती नेहमीची छाटणी असते.

दोन पानं आणि एक कळी एवढंच का खुडतात, याचं उत्तर रसायनात आहे. झाड आपल्या कोवळ्या भागाचं किड्यांपासून रक्षण करायला तिथे कॅफीन आणि कॅटेचिन नावाची तुरट द्रव्यं सर्वाधिक साठवतं. आपल्याला तरतरी येते ती त्या कॅफीनने. तिसऱ्या-चौथ्या पानापासून दोन्ही कमी होत जातात आणि पान चिवट होतं.

मुळाशीही एक नवल आहे. चहाला आम्लधर्मी माती लागते. अशा मातीत ॲल्युमिनियम विरघळतं आणि बहुतेक पिकांच्या मुळांना ते विष ठरतं. चहा मात्र ते शोषून घेतो आणि जुन्या पानांत साठवून ठेवतो. त्या पानांच्या सुक्या वजनात ते १ टक्क्याहूनही जास्त भरू शकतं. आपण पितो त्या कोवळ्या पानांत ते फारच कमी असतं. या मातीची खूण शोधायची असेल तर बंगल्यांच्या कुंपणाशी लावलेल्या हायड्रेंजियाकडे पाहा. हेच फूल आम्ल नसलेल्या मातीत गुलाबी येतं. ॲल्युमिनियम मिळालं की निळं होतं. मुन्नारात ते बहुधा निळंच दिसेल.

कारखान्यात जायला मिळालं तर जरूर जा. खुडलेल्या पानात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं. आधी जाळीवर पसरून, खालून हवा सोडून पान मलूल करतात. मग ते दातेरी रुळांमधून जातं. चिरडा, फाडा, वळवा या तीन क्रियांची ही सीटीसी पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. पेशी फुटल्या की आतलं विकर (एन्झाइम) आणि कॅटेचिन एकत्र येतात, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि हिरवा लगदा तासा-दीड तासात तांबूस होतो. सफरचंद चिरून ठेवलं की काळवंडतं, तीच ही क्रिया. मळ्यातले लोक याला आंबवणं म्हणतात, पण यात जंतूंचा काही संबंध नाही. रंग हवा तसा आला की गरम हवेने वाळवून विकर बंद पाडतात. साधारण साडेचार किलो हिरव्या पानातून एक किलो चहा निघतो. सीटीसीचे बारीक दाणे पटकन आणि कडक उतरतात. आपण त्यात दूध घालून उकळतो तेव्हा दुधातलं केसीन हे प्रथिन त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं आणि चहा जिभेला मऊ लागतो.

पुन्हा वर, गवताकडे जाऊ. एरविकुलम राष्ट्रीय उद्यान हे ९७ चौरस किलोमीटरचं गवत आणि शोलाचं पठार एकेकाळी मळेवाल्या साहेबांचं शिकारीचं राखीव रान होतं. त्यामुळे तिथे चहा लागला नाही. १९७१ च्या कायद्याने सरकारने जमीन ताब्यात घेतली, १९७५ मध्ये अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. निलगिरी ताहर हा रानबोकडासारखा दिसणारा प्राणी इथे जगात सर्वाधिक संख्येने आहे. बरीच वर्षं त्याला हिमालयातल्या ताहरचा भाऊ मानत. २००५ मध्ये जनुकीय अभ्यासातून कळलं की तो मेंढ्यांच्या अधिक जवळचा आहे. आनमुडीच्या माथ्यावर गवताच्या बुंध्यात राहणारा एक नारिंगी बेडूक २०१० मध्ये एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी जगासमोर आणला. त्याची पिल्लं पाण्यातल्या डिंभ अवस्थेतून न जाता अंड्यातूनच छोटे बेडूक होऊन बाहेर येतात.

आणि नीलकुरिंजी. १२ वर्षांतून एकदा सगळी झुडपं एकाच वेळी फुलतात, बी धरतात आणि मरतात. २००६, २०१८, आता २०३०. आपल्या कारवीची ही सख्खी बहीण, एकाच प्रजातिगटातली. कोकणात कुडाच्या भिंतींना वापरतात तीच कारवी, आठ वर्षांनी फुलणारी. एवढं थांबण्यामागे एक पटणारं स्पष्टीकरण असं की वर्षानुवर्षं बी नसल्यामुळे ते खाणाऱ्या किड्या-पाखरांची संख्या मर्यादित राहते. मग अचानक इतकं बी पडतं की सगळं खाऊन संपवणं कुणालाच शक्य होत नाही.

वेळ असेल तर मुन्नारहून मरयूरमार्गे चिन्नारपर्यंत जाऊन या. राजमलैच्या पठारावर वर्षाला सुमारे ५००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि साठेक किलोमीटरवरच्या चिन्नारला सुमारे ५००. महाबळेश्वरहून वाईला उतरताना जे होतं त्याचं हे आणखी टोकाचं रूप. मरयूरला नैसर्गिक चंदनाचं रान आहे, आणि चिन्नारला निवडुंग नि काटेरी झुडपं.

एवढा पाऊस डोंगरावर पडतो तेव्हा तो माणसांवरही पडतो, हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९०२ मध्ये मुन्नारला बैलांनी ओढायची एकरुळी गाडी होती, १९०८ मध्ये ती दोन फुटी रूळांची रेल्वे झाली, आणि जुलै १९२४ च्या महापुरात ती आख्खी वाहून गेली. परत बांधली नाही. ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री पेट्टिमुडीला डोंगर सरकला आणि चहा कामगारांच्या चाळींवर आला. या चाळींना तिथे लायम म्हणतात. ७० माणसं गेली. तमिळनाडूतून कित्येक पिढ्यांपूर्वी आणलेली ही कुटुंबं आजही एकेका खोलीच्या ओळींत राहतात, आणि या ओळी बऱ्याचदा उताराच्या पायथ्याशी, ओढ्याजवळच्या सपाटीवर असतात. माळीण आपण पाहिलेलं आहे. मुरलेल्या पावसाने मातीच्या कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि उतार खाली येतो. राहण्याची जागा कुठे असावी हे या शास्त्राने सांगता येतं. ते कामगारांच्या घरांनाही लागू व्हायला हवं.

अलीकडे एक चांगलं काम सुरू झालं आहे. वट्टवडाजवळ पळत्तोट्टमला वन खातं आणि तिथले गावकरी मिळून वॉटल काढून देशी गवत पुन्हा लावत आहेत. गवत लावायचं म्हणजे एकेक गड्डा हाताने रोवायचा आणि मधूनच उगवणारी वॉटलची रोपं वर्षानुवर्षं उपटत राहायची, कारण तिचं बी मातीत दीर्घकाळ जिवंत राहतं. मुन्नारला जाणार असाल तर फेब्रुवारी-मार्च टाळा. ताहर विणीवर असतात म्हणून त्या दिवसांत एरविकुलम सहसा बंद असतं. जानेवारीत गेलात तर ऊन येण्याआधी कुंडल्याकडच्या एखाद्या खोलगट जागी पोचा, आणि ओढ्यापासून किती उंचीवर पांढरं संपतं ते पाहा.